करिजिनी: आधी उतरायचं, मग चढायचं. घळी, ट्रेल्स आणि कॅम्पिंगचा सविस्तर गाईड

सह्याद्रीत फिरणाऱ्याला एक सवय लागलेली असते, सकाळी ताज्या दमाने चढायचं, वर डबा खायचा आणि उतरताना गप्पा हाणत यायचं. ऑस्ट्रेलियातल्या करिजिनी नॅशनल पार्कमध्ये हे सगळं उलटं. गाडी वर सपाट माळावर लागते, आजूबाजूला बघितलं तर काटेरी गवत, लाल माती आणि चार खुरटी झाडं, आणि मग शंभर पावलांवर जमीन अचानक फाटलेली दिसते, काही ठिकाणी जवळजवळ १०० मीटर खोल. ट्रेक म्हणजे त्या फटीत उतरायचं, पाण्यातून चालायचं, पोहायचं, आणि शेवटी ओल्या कपड्यात, दमलेल्या पायांनी, डोक्यावर ऊन घेऊन वर यायचं. म्हणजे खरा चढ सगळ्यात शेवटी, आपण सगळ्यात जास्त थकलेलो असताना. खाली जे काही सांगणार आहे, वेळा, पाणी, बूट, कुठली घळ कुठल्या दिवशी, ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

जागा नक्की कुठेय

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातला पिलबरा भाग, पर्थपासून उत्तरेला साधारण १,४०० किलोमीटर, हॅमर्स्ली डोंगररांगेत. पार्क सव्वासहा लाख हेक्टरचं आहे, पण आपण त्याच्या उत्तरेकडच्या एका पट्ट्यातच फिरणार, कारण घळी आणि रस्ते तिथेच आहेत. १९६९ मध्ये पार्क झालं तेव्हा नाव हॅमर्स्ली रेंज होतं, १९९१ मध्ये करिजिनी झालं. ही जमीन मूळची बंजिमा, यिनहवांगका आणि कुरामा लोकांची, आणि हे नुसतं पाटीवर लिहिण्यापुरतं नाही, काही डोहांवर कसं वागायचं ते यावरून ठरतं, पुढे येईलच.

दगडाबद्दल थोडं सांगतोच कारण तोच इथला हिरो आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. इथले थर २५० कोटी वर्षांच्या आसपासचे. तेव्हा पृथ्वीवर प्राणवायू जेमतेम होता, समुद्रात विरघळलेलं लोखंड तळाशी साचत गेलं, एक थर लोखंडाचा, एक सिलिकाचा, असं हजारो वेळा. त्यामुळे भिंती लाल-करड्या-जांभळ्या पट्ट्यांच्या दिसतात आणि चौकोनी ठोकळ्यांत तुटतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी आयत्या पायऱ्या मिळतात. पण जिथे पाणी सतत घासलंय तिथे हाच दगड काचेसारखा गुळगुळीत झालाय, आणि घसरून पडणारे लोक तिथेच पडतात.

कधी जायचं

एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. डिसेंबर ते मार्च विसरा, तापमान सहज चाळिशीच्या वर आणि त्यात वादळं, पूर. जून-जुलैत दिवसा मस्त पंचविशीच्या आसपास असतं पण रात्री पाच अंशांच्या खालीही जातं, आणि घळीतल्या पाण्याला ऊन फारसं लागत नाही त्यामुळे पाणी बर्फ असतं. "ऑस्ट्रेलिया गरम देश आहे" म्हणून पातळ चादर घेऊन जाणारे रात्रभर कुडकुडतात. माझी आवड विचाराल तर मे किंवा ऑगस्टचा शेवट. ऑगस्टमध्ये मुल्ला-मुल्लाची जांभळट फुलं माळावर पसरलेली असतात, मे मध्ये पाणी जरा सुसह्य असतं. जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा.

पोचायचं कसं

तीन पर्याय आहेत. पर्थहून गाडीने दोन दिवस लावून. किंवा पर्थ ते पॅराबर्डू किंवा न्यूमन विमानाने आणि तिथून भाड्याची गाडी. किंवा किनाऱ्यावरच्या एक्समाउथ-निंगालूच्या ट्रिपला जोडून. पर्थमधली मराठी मंडळी बहुतेक लाँग वीकेंडला सुट्टी जोडून गाडीनेच जातात. जा, पण एका दमात हाणू नका. ग्रेट नॉर्दर्न हायवेवर खाणींसाठी माल नेणाऱ्या रोड ट्रेन्स असतात, पन्नास मीटरहून लांब, त्यांना ओव्हरटेक करायला जी मोकळी जागा लागते तिचा अंदाज पुणे-मुंबईच्या सवयीने येत नाही. समोर एक किलोमीटर तरी स्वच्छ दिसत नसेल तर मागे राहा. आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात, बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात अंधारानंतर शहराबाहेर विमा चालत नाही असं कलमच असतं, सही करण्याआधी वाचा.

फोरव्हील ड्राइव्ह लागते का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. जवळच्या टॉम प्राइस गावाकडून येणारा करिजिनी ड्राइव्ह आणि डेल्स घळीकडचा भाग डांबरी आहे, तिथे साधी कारही जाते. कच्चे रस्ते आहेत ते कलामिना घळीकडे वगैरे. कोरडे असताना साधी गाडी हळूहळू जाते पण रस्त्यावर कॉरुगेशन म्हणजे पत्र्यासारख्या लाटा असतात, अख्खी गाडी थरथरते, आणि मुख्य म्हणजे भाड्याच्या साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर सहसा परवानगीच नसते. काही झालं तर सगळा खर्च तुमच्या खिशातून. त्यामुळे मी तरी भाड्याने घेताना थेट उंच फोरव्हीलच घ्या म्हणेन. पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद होतात, मग कुठलीही गाडी असली तरी काय उपयोग.

पेट्रोल पार्कमध्ये कुठेही नाही. टॉम प्राइसला किंवा हायवेवरच्या मुंजिना रोडहाउसला टाकी फुल करायची. किराणासुद्धा टॉम प्राइसला, तिथे व्यवस्थित सुपरमार्केट आहे. सिडनी-मेलबर्नहून विमानाने येत असाल तर मध, ताजी फळं-भाज्या घेऊन येऊ नका, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे क्वारंटाइनचे नियम वेगळे आणि कडक आहेत, एअरपोर्टवरच टाकायला लावतात. भाजणी, मेतकूट, पोहे, चटण्या असलं कोरडं सामान सोयीचं पडतं, पण भारतातून थेट आणत असाल तर फॉर्मवर सगळं जाहीर करा, लपवलं तर दंड मोठा असतो.

मुक्काम: दोन तळ करा

इथे बरेच जण एकाच ठिकाणी तंबू ठोकून रोज ये-जा करतात. डेल्सपासून वेआनो घळीपर्यंत जायला पाऊण-एक तास जातो, आणि दिवसभर घळीत उतरून-चढून आल्यावर तो ड्राइव्ह नेमका संध्याकाळी, कांगारूंच्या वेळेला येतो. म्हणून दोन रात्री डेल्स, दोन रात्री वेआनोच्या बाजूला, असं करा.

डेल्स कॅम्पग्राउंड सरकारी आहे. बुकिंग पार्क स्टेच्या साईटवर, सहा महिने आधी उघडतं आणि हंगामात भराभर भरतं, तारखा ठरल्या की लगेच बसा. मोकळी लाल जमीन, थोडी झुडपं, फ्लश नसलेले स्वच्छ संडास, गॅसची शेगडी. पिण्याचं पाणी कॅम्पग्राउंडवर मिळेल असं धरूच नका, टॉम प्राइसहूनच भरून आणा. माणशी दिवसाला चार लिटर पिण्यासाठी, वर स्वयंपाक आणि धुण्याचं वेगळं. चौघांचं कुटुंब दोन रात्री म्हटलं की ५० लिटर होतंच, वीस लिटरचे कॅन घ्या. जनरेटरवाल्यांची लूप, म्हणजे तंबूंच्या जागांचा गट, वेगळी असते, बुक करताना शांत लूप निवडा. तंबूच्या खुंट्यांसाठी हातोडी हवी, जमीन दगडासारखी आहे, नेहमीच्या पातळ खुंट्या वाकतात.

शेकोटी चालत नाही, स्वयंपाक गॅसवर. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही हे लक्षात ठेवून टॉम प्राइसलाच विकत घ्या. आणि रात्री चपला, बूट, डबे, कचऱ्याची पिशवी काही बाहेर ठेवू नका, कॅम्पमध्ये डिंगो म्हणजे रानकुत्रे फिरतात. लांबून बघितलं तर गावातलं कुत्रंच वाटतं, मुलं लगेच बिस्किट पुढे करतात. अजिबात नाही. मुलांना एकटं संडासला पाठवू नका, डिंगो जवळ आला तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरकायचं.

दुसरा तळ करिजिनी इको रिट्रीट, गुमाला ॲबोरिजिनल कॉर्पोरेशनच्या मालकीचं. तयार तंबूंचं भाडं बरंच आहे, पण तिथे साधी कॅम्पसाइटही मिळते आणि शॉवर असतो. दोन दिवस लाल मातीत लोळल्यावर त्या शॉवरची किंमत कळते. रेस्टॉरंट आहे, म्हणजे एक संध्याकाळ भांडी घासण्यापासून सुटका. जोफ्रे घळ इथून चालत जाण्याइतकी जवळ.

पार्कची एंट्री फी गाडीमागे असते, जास्त दिवस फिरणार असाल तर राज्यातल्या सगळ्या पार्कांचा मिळून हॉलिडे पास स्वस्त पडतो.

सामान

बूट सगळ्यात महत्त्वाचे. जड, घोट्यापर्यंतचे चामडी ट्रेकिंग शूज इथे कामाचे नाहीत, भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. पकड चांगली असलेले जुने ट्रेल शूज जे पाण्यात घालता येतील तेच घ्या, आणि कॅम्पसाठी वेगळी चप्पल. ड्राय बॅग हवीच, मोबाईल, गाडीची चावी आणि एक सुकी जर्सी त्यात. चावीवरून आठवलं, हल्लीच्या रिमोट चाव्या भिजल्या की तुम्ही फोरव्हील गाडीच्या बाहेर, मोबाईलला रेंज नाही आणि पाणी गाडीच्या आत. चावीला दोन पिशव्या घाला. थंडीच्या महिन्यांत पातळ वेटसूट किंवा निदान पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा टॉप. टोपी, माशांची जाळी, फुल पँट. स्पिनिफेक्स नावाचं गवत दिसायला गोल मऊ गाद्यांसारखं दिसतं, पण त्याच्या पात्याच्या टोकाला सिलिकाची सुई असते, ती कातडीत मोडून आत राहते आणि दोन दिवस ठणकते. चिमटा घ्या.

व्हिजिटर सेंटरच्या पुढे रेंज नाही असंच धरून चाला. पीएलबी, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहावरून बचाव पथकाला जागा कळवणारं यंत्र, भाड्याने मिळतं, ग्रुपमागे एक घ्याच. कुठे जातोय आणि कधी परत येणार ते कोणाला तरी सांगून ठेवा. ड्रोन आणि पाळीव प्राणी घरी.

ट्रेलचे क्लास समजून घ्या

ऑस्ट्रेलियात वाटांना १ ते ६ क्लास देतात. ३ पर्यंत कोणीही चालेल. ४ म्हणजे खडबडीत, सैल दगड. ५ मध्ये शिडी, कातळाला धरून सरकणं, पोहणं येतं. ६ म्हणजे दोर, हार्नेस, आणि तिथे परवानाधारक गाईडशिवाय जायचं नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला क्लास ५ अवघड वाटणार नाही, पण पोहता न येणाऱ्याने तिथे थांबावं, भले किती किल्ले केले असोत. शिवाय क्लास ६ ची हद्द साखळीने किंवा पाटीने दाखवलेली असते, "पाच मिनिटं पलीकडे बघून येऊ" हा आपला लाडका उद्योग इथे नको. २००४ मध्ये हँकॉक घळीत जखमी पर्यटकाला बाहेर काढताना अचानक आलेल्या पुरात जिम रेगन हा बचाव पथकाचा स्वयंसेवक गेला, त्या घळीतल्या पुढच्या एका डोहाला आता त्याचं नाव आहे.

पावसाबाबतही तेवढीच सावधगिरी. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी वीस-तीस किलोमीटरवर वरच्या अंगाला पाऊस पडला तर पाणी इथेच येणार, आणि बहुतेक घळींतून बाहेर पडायची वाट एकच असते. ढग दिसले, पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत यायला लागल्या, की फोटो सोडून वर. सकाळी निघण्याआधी पार्कचे अलर्ट्स बघा, दरड पडल्यामुळे वाटा बंद असणं नेहमीचं आहे.

पहिला तळ: डेल्स

पोचलात त्या दुपारी व्हिजिटर सेंटर बघा, गंजलेल्या लोखंडाच्या भिंतींची इमारत घोरपडीच्या आकारावरून केलीय, आत बंजिमा लोकांची माहिती छान आहे. मग कड्यावरची वाट करा, साधारण दोन किलोमीटर, घळ वरून डोळ्याखाली येते आणि दुसऱ्या दिवशी कुठे उतरायचंय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फॉर्टेस्क्यू धबधब्याच्या लोखंडी जिन्याने खाली. हा धबधबा झऱ्यावरचा, बारा महिने वाहतो, खाली डोह. पण तिथे न थांबता आधी वरच्या अंगाला फर्न पूलला जा, तीनशे मीटर, कारण नऊनंतर गर्दी होते. नेच्यांनी वेढलेला डोह, झाडांवर उलटी लटकलेली मोठी वटवाघळं, पलीकडे पाण्याची बारीक धार. ही जागा इथल्या लोकांना पवित्र आहे. उड्या मारायच्या नाहीत, आरडाओरडा नाही, पाण्यात हळूच उतरायचं, सनस्क्रीन फासून तर नाहीच. आपल्याकडे कुंडात पाय टाकण्याआधी नमस्कार करतात तसंच समजा.

मग परत फॉर्टेस्क्यूला येऊन घळीच्या तळाने सर्क्युलर पूलकडे. ही दोनेक किलोमीटरची चाल म्हणजे माझ्या मते अख्ख्या करिजिनीतली सगळ्यात सुंदर चाल, आणि तरी बरेच जण धबधब्याखाली आंघोळ करून वर निघून जातात! ओहोळ एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने ओलांडायचा, थरांच्या ओट्यांवरून चालायचं, पेपरबार्कच्या झाडांच्या सोलवटलेल्या साली हाताला लागतात. पलीकडून वर यायची वाट उघडी असेल तर तिकडून चढून कड्याने गाडीपाशी या, बंद असेल तर आल्या वाटेने. अकरा-साडेअकराच्या आत वर येण्याचा हिशोब ठेवा, दुपारी तो चढ भट्टी होतो.

दुपार झोपेला. संध्याकाळी हवं तर कलामिना, पण ती सकाळीच बरी, क्लास ४, जाऊन-येऊन तीन किलोमीटर, शेवटी रॉक आर्च पूल. मुलांना घेऊन करण्यासारखी हीच सगळ्यात चांगली.

दुसरा तळ: वेआनो, हँकॉक, जोफ्रे

इथे वेळेचं गणित बदलतं. घळी इतक्या अरुंद की सकाळी नऊला खाली अंधार आणि गारठा, ऊन तळाला लागतं ते दुपारच्या आसपास. म्हणून आधी ऑक्सर लुकआउट करा, वेआनो, हँकॉक, जोफ्रे आणि रेड अशा चार घळी एकमेकींना मिळतात ते वरून दिसतं. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांनाही इथपर्यंत आणता येतं, शिवाय जोफ्रे लुकआउट आणि फॉर्टेस्क्यूचा वरचा लुकआउट, त्यांचा एक दिवस मजेत जातो.

मग दहाच्या सुमाराला हँकॉक. पायऱ्या, मग लोखंडी शिडी, मग एक लांबट डोह, इथे एकतर छातीभर पाण्यातून जायचं किंवा कडेच्या अरुंद ओट्यावरून सरकत. पाणी किती आहे त्यावर ठरवा, ओट्यावरून पडण्यापेक्षा भिजलेलं बरं. पुढे घळ गोल रंगमंचासारखी उघडते आणि मग स्पायडर वॉक. भिंती इतक्या जवळ की एक हात-एक पाय या भिंतीवर, दुसरे त्या भिंतीवर, आणि मधून खाली पाणी धावतंय. भीती वाटली तर सरळ पाण्यातून चाला, तेही जमतं, पण हळू, तळ गुळगुळीत आहे. शेवटी कर्मिट्स पूल, हिरवंगार, थंडगार. पुढे साखळी, तिथे थांबायचं. पूर्ण जाऊन-यायला दीड तास धरा, गर्दी असेल तर स्पायडर वॉकला रांग लागते.

वर येऊन जेवा, अंग सुकवा, कोरडा टॉप घाला. घळीत थंड पाण्याने अंग कधी गळून जातं ते कळत नाही, हात थरथरायला लागले की पकड जाते आणि शिडी तर अजून चढायची असते. मुलांचे ओठ निळे दिसले की त्या दिवसापुरतं पाणी बंद. अंगात दम असला तरच दुपारी वेआनोच्या खालच्या घळीत हँडरेल पूल करा, शेवटी दगडात ठोकलेला लोखंडी कठडा धरून डोहात उतरायचं. तेवढं नको असेल तर वेआनोची वरची घळ साधी आहे.

चौथा दिवस जोफ्रेला. पाऊस होऊन गेला असेल तर जोफ्रेचा पायऱ्या-पायऱ्यांचा अर्धवर्तुळाकार धबधबा वाहत असतो, नसेल तर भिंत ओली आणि तेवढंच. नॉक्स ही आणखी एक घळ, क्लास ५, उतार सैल दगडांचा, तीन तास लागतात, गर्दी कमी. दोन्ही एका दिवसात करता येतात पण मी एकच निवडेन.

डोंगर चढल्याशिवाय चैन पडत नसेल तर माउंट ब्रूस म्हणजे पुनुरुन्हा आहे, १,२३४ मीटर, राज्यातला दुसऱ्या नंबरचा. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, पाच-सहा तास, सावली शून्य, मध्ये कातळावर साखळी. उजाडताच निघा, तीन लिटर पाणी. वरून एका बाजूला पार्क आणि दुसऱ्या बाजूला मारंडूची लोखंडाची खाण, ट्रेन्ससकट दिसते. ती खाण पार्कमधूनच तुकडा कापून दिलीय, वर बसून ते बघताना जरा विचित्र वाटतं.

बाहेर पडताना

परतीला हॅमर्स्ली घळ सोडू नका. ती मुख्य भागापासून वेगळी, पश्चिमेला, टॉम प्राइसहून तासाभरावर, आणि थोडकं उतरून पाण्यापाशी पोचता येतं म्हणून दमलेल्या शेवटच्या दिवसाला योग्य. इथले थर आडवे नाहीत, अख्खी भिंत घडी घातल्यासारखी वाकलेली आहे. वरच्या बाजूला स्पा पूल, तिथे जाताना ओला दगड सांभाळा.

नकाशावर विटेनूम हे नाव दिसेल. जायचं नाही. तिथे निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती, १९६६ मध्ये बंद झाली, पण तंतू अजून मातीत आहेत आणि त्यांनी फुप्फुसाचे जीवघेणे आजार होतात. २००७ मध्ये सरकारने गावाचा दर्जाही काढून घेतला. यूट्यूबवर तिथे भटकणारे दिसतात, त्यांच्या नादी लागू नका, यॅम्पायर घळीचंही तेच.

तिथून एक्समाउथकडे जाणार असाल तर पॅराबर्डू-नानुटारा हा डांबरी रस्ता घ्या आणि पॅराबर्डूला टाकी भरा, पुढचा पंप लांब आहे. भाड्याची गाडी परत करायची असेल तर आधी आतून-बाहेरून धुऊन घ्या, दारांच्या फटी, डिकीचं रबर, सीटखाली, सगळीकडे ती लाल धूळ असते आणि साफसफाईचा वेगळा चार्ज लागतो.